चावण्याला दहा, पोटाला दोन

अणदूरच्या बंडप्पांची वरची कवळी खंडोबाच्या यात्रेच्या महाप्रसादात गेली, आणि पुढचे पाच आठवडे त्यांच्या घरानं त्यांच्या पोटावर जेवढी मेहनत घेतली तेवढी शेतावरही कधी घेतली नसेल. कवळी गेली हे मात्र एकट्या बंडप्पांनाच ठाऊक होतं. निदान त्यांची तशी समजूत होती.

झालं ते असं. पंगतीला वांग्याची भाजी होती. वांग्याचं बी कवळीखाली शिरलं की जीव कसा कासावीस होतो, हे ज्याला कवळी आहे त्यालाच कळावं. बंडप्पांनी इकडंतिकडं बघितलं, उपरण्याच्या आड कवळी काढली, पत्रावळीच्या कडेला ठेवली आणि वर भाकरीचा तुकडा झाकला. तेवढ्यात मागच्या रांगेतून ओळखीच्या लिंबाजीनं रामराम घातला. बंडप्पा तोंडावर हात धरून वळले, नुसती मान हलवून त्याची विचारपूस केली, आणि परत फिरून बघतात तर पुढ्यात पत्रावळच नाही. पंगत उठवणारी मंडळी मोठी चपळ. सगळा ढीग गोळा करून ती पार देवळाच्या मागं पोचली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंडप्पा काठी घेऊन त्या उकिरड्यावर गेले. चांगला तासभर त्यांनी ढीग उकरला. कुणी तरी विचारलं तेव्हा, म्हशीला पत्रावळ्या चालतात का ते बघतोय, असं सांगून टाकलं. विचारणारा भला माणूस. त्यानं पोतंभर पत्रावळ्या स्वतः घरी आणून टाकल्या. कवळी काही मिळाली नाही.

आता यात लपवण्यासारखं काय होतं, असं कुणीही म्हणेल. पण बंडप्पांची अडचण निराळी होती, आणि तिचं नाव होतं उलथनं.

बंडप्पांनी चाळीस वर्षं लोखंडी सामानाचं दुकान चालवलं. दुकानात दिवे गेले तरी पाव इंची स्क्रूच्या डब्यावर त्यांचा हात बरोबर पडायचा. ‘वस्तू जिथली तिथं’ हा त्यांचा घरातल्यांना रोजचा उपदेश. आणि अशा माणसाच्या घरातलं, त्यांच्या आईच्या हातचं जुनं उलथनं त्यांच्या सुनेनं, शिवप्रियानं, हरवलं. तुळशीचं लग्न झाल्यावर शेजारी कार्य होतं, तिथं ती भाकरी करू लागायला गेली आणि चार बायकांच्या चार उलथन्यांत आपलं उलथनं गमावून आली. आल्या आल्या तिनं दारातच सासऱ्यांना ते सांगितलं. त्यावर बंडप्पांनी जी बोलायला सुरुवात केली ती दुपारच्या चहाला, आणि थांबले ते दिवेलागणीला. वस्तूला काय पाय फुटतात का, बाहेर नेलेल्या वस्तूवरनं नजर हलतेच कशी, हरवलं म्हणजे काय. शेजारच्या गजराबाई कुंपणापाशी उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. त्यानंतर आठ दिवस ते सुनेशी बोलले नाहीत. शिवप्रिया खाली मान घालून ऐकून घेत होती.

आणि महिनाभरात बंडप्पांची स्वतःची कवळी गेली. तीसुद्धा बाहेर, पंगतीत, नजर हलली म्हणून.

सुनेसमोर जाऊन ‘हरवली’ म्हणायचं, या विचारानंच बंडप्पांना घाम फुटे. त्यांनी मिशा वाढवल्या. थंडीचे दिवस होते, तोंडाला मफलर आला. बोलताना शब्द निसटायला लागले तेव्हा पडसं झाल्याचं सांगितलं, आणि ते पडसं पाच आठवडे टिकवलं. कवळीची डबी होती, तिच्यात रोज संध्याकाळी पाणी भरून ते झाकण टपकन लावत, बायकोला ऐकू जाईल असं. त्यांच्या बायकोचं, शिवकांताबाईंचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. त्यांना काय दिसतंय, असा बंडप्पांचा हिशेब.

पण पोट कुणाचं ऐकतं? न चावलेला घास त्यानं चार दिवस चालवून घेतला आणि पाचव्या दिवशी बंड पुकारलं. पोट ढोलासारखं फुगू लागलं. ढेकर अशी येई की गोठ्यातली म्हैस मान वर करून बघे. गावातल्या डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, तोंड बघायचं त्यांना सुचलं नाही. यात्रेत बाहेरचं खाणं झालंय, आता घरचं साधं जाडंभरडं खा आणि घास बत्तीस वेळा चावा, असं सांगून त्यांनी गोळ्या दिल्या.

हे ऐकून उजळला तो गौरीशंकर. हा बंडप्पांचा मुलगा, झेडपीच्या शाळेत मास्तर. तक्ता केल्याशिवाय त्याला कुठलीच गोष्ट खरी वाटत नाही. त्यानं कॅलेंडरच्या पाठीमागं आठवड्याचा तक्ता आखला आणि दर रविवारी संध्याकाळी घराची बैठक घ्यायची असं जाहीर केलं. बैठकीत पुढच्या आठवड्याचा स्वयंपाक ठरायचा आणि गेल्या आठवड्याचे गुण मिळायचे. चावण्याला दहापैकी, पोटाला दहापैकी.

पहिल्या आठवड्यात मैदा, तळण आणि बेकरी घरातून हद्दपार झाली. गव्हाची पोळीसुद्धा बंद. शिवकांताबाईंनी रविवारी तीळ लावलेल्या चाळीस कडक भाकरी भाजून दुरडीत भरल्या. या भाकरी आठवडाभर टिकतात आणि मोडताना पापडासारख्या वाजतात. बंडप्पांनी पहिली भाकरी मुकाट्यानं वरणात बुडवली. लगेच गौरीशंकरनं ताट बाजूला ओढलं. भिजवलं की चावणं होत नाही, सबब भाकरी कोरडी खायची, असा नियम झाला.

बंडप्पा बिचारे कोरडा तुकडा तोंडात धरून बसत, तो आपोआप मऊ होईपर्यंत. तोवर जबडा हलवत राहत. मुलगा समोर बसून मोजी. त्याची नजर चुकली की उरलेले तुकडे म्हशीच्या घमेल्यात जात. वर दात नसताना बत्तीस वेळा जबडा हलवणं म्हणजे रिकामं जातं ओढण्यासारखं. पण मिशा हलत होत्या, आणि मास्तर मिशांवरच गुण देत होता. रविवारी तक्त्यावर लागलं: चावण्याला दहा, पोटाला दोन. घरात चावण्यात बंडप्पांचा पहिला नंबर आला, आणि गौरीशंकरनं बायकोला त्यांचा आदर्श घ्यायला सांगितलं.

दुसऱ्या आठवड्यात मोड आलेली मटकी आली, सोबत मुळा, गाजर आणि कांद्याच्या चकत्या. पोटाला दीड. तिसऱ्या आठवड्यात दुपारच्या चहाबरोबरची बिस्किटं गेली आणि मूठभर फुटाणे आले. फुटाणे बंडप्पा खिशात सोडत आणि गोठ्याकडं चक्कर मारून येत. म्हशीची तब्येत सुधारली. चौथ्या आठवड्यात हुलग्याची उसळ आली, तीही अशी की दाणा दाण्याशी बोलू नये. हुलगा पौष्टिक आहे यात वाद नाही, पण तो अख्खा गिळल्यावर पोटात काय करतो हे त्या आठवड्यात एकट्या बंडप्पांना कळलं. दोन रात्री ते अंगणात फेऱ्या मारत होते.

घरातल्या बाकीच्यांची पोटं मात्र एकदम खडखडीत सुधारली. गौरीशंकरची जुनी पित्ताची तक्रार गेली. शिवकांताबाईंचं पोट सहा वर्षांत पहिल्यांदा शांत राहिलं, त्यांना नऊ गुण पडले. जितकं अन्न चांगलं, तितके अप्पा आजारी, हे कोडं मास्तरला सुटेना. त्यानं पाचव्या शनिवारी हात टेकले आणि सोलापूरच्या एका डॉक्टरांची वेळ घेतली. सोमवारी सकाळी जायचं, घशातून नळी घालून आत कॅमेऱ्यानं बघणार. अप्पा, तुम्ही फक्त तोंड मोठं उघडायचं, असं त्यानं समजावून सांगितलं.

बंडप्पांना कॅमेऱ्याचं काही वाटलं नाही. तोंड मोठं उघडायचं, हे ऐकून मात्र त्यांनी मफलर आणखी घट्ट केला. आता सोलापुरात, परक्या माणसांसमोर, मुलाच्या देखत सगळं उघडं पडणार. त्यापेक्षा घरात आपणहून सांगितलेलं बरं. आणि सांगायचं तर आधी कुणाला, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती.

रविवारी दुपारी शिवप्रिया चुलीपुढं भाकरी थापत होती. गौरीशंकर शेतावर गेला होता. बंडप्पा स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले. एकदा माठातलं पाणी प्याले. पुन्हा एकदा प्याले. तिसऱ्यांदा तांब्या उचलला तेव्हा सुनेनं पाट पुढं सरकवला. ते बसले आणि मफलर सोडला.

“पोरी, माझी कवळी हरवली. खंडोबाच्या पंगतीत.”

शिवप्रियानं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला.

“ठावं हाय, मामा.”

“कवापासनं?”

“पहिल्याच आठवड्यात कळलं. म्हशीचं घमेलं मीच धुते की. त्यात तुमच्या ताटातले कडक भाकरीचे तुकडे निघायले.”

बंडप्पांच्या डोक्यात हळूहळू उजेड पडायला लागला.

“मग मटकी...”

“ती मीच सुचविली.”

“आन फुटाणे?”

“तेबी मीच.”

“हुलगे?”

“हुलगे आत्याबाईंचे.”

हा घाव मोठा होता. बेचाळीस वर्षांच्या संसारात शिवकांताबाईंनी आपल्याविरुद्ध हुलगे वापरावेत, हे त्यांना खरं वाटेना. रागवावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, आणि सुनेकडं बघितलं. ती हसत नव्हती. तिचे डोळे भरलेले होते, आणि चुलीला त्या वेळी धूर अजिबात नव्हता.

“मामा, उलथनं हरवलं तवा मी घरात पाय टाकायच्या आधी तुमाला सांगितलं. लपवलं न्हाय. तरी तुमी आठ दिस बोललात न्हाय माझ्यासंगं. मला वाटलं, आता तुमी बी सांगताल. उद्या सांगताल, परवा सांगताल. म्हणून वाट बघत व्हते.”

आपण त्या दिवशी केवढं बोललो, आणि हिनं केवढं गिळलं, हे बंडप्पांना पाच आठवडे न चावलेले घास गिळल्यावर आता समजलं. त्यांना स्वतःची लाज वाटली, अगदी मनापासून वाटली. चुकलं माझं, असं ते हळू आवाजात म्हणाले.

शिवप्रियानं भाकरी उलटली, हातानंच, कारण नवं उलथनं मागायची तिला हिंमत झाली नव्हती. बोटं चटकन पदराला पुसली आणि म्हणाली, “मला गजराबाईंच्या देखत बोलला व्हतात, मामा.”

एवढं बोलून ती पुढच्या गोळ्याला लागली. बंडप्पा उठले आणि बाहेर गेले.

संध्याकाळी बैठक भरली. गौरीशंकरनं तक्ता भिंतीला टांगला, पेन काढलं आणि सुरुवात करणार तोच अप्पांनी हात वर केला. थांब जरा, म्हणून ते अंगणात गेले आणि कुंपणापाशी उभं राहून गजराबाईंना हाक मारली. गजराबाई आल्या, त्यांना खुर्ची दिली. मग बंडप्पा मफलर काढून सगळ्यांसमोर उभे राहिले.

“माझी कवळी म्या हरवली. पंगतीत, माझी नजर हलली म्हणून. पाच आठवडे लपवली. शिवप्रियानं उलथनं हरवलं ते तिनं त्याच दिवशी सांगितलं व्हतं, आन म्या तिला लई बोललो. तसं बोलायला नको व्हतं. माणसाकडनं हरवतं.”

गौरीशंकर एकदा वडिलांच्या तोंडाकडं आणि एकदा तक्त्याकडं बघत होता. मास्तरच्या आयुष्यात एवढी मोठी कॉपी कधी उघडकीला आली नव्हती. चावण्याचे दहा, दहा, दहा आणि दहा त्याच्याकडं बघत होते. शेवटी त्यानं आईला विचारलं, तुला माहीत होतं का म्हणून.

“रोज सकाळी डबीतलं पाणी कोण वतून देतंय?” शिवकांताबाई म्हणाल्या. “नुसतं पाणी. पाच आठवडे.”

गजराबाईंना हसू आवरेना, पण त्यांनी ते पदरात धरलं. जाता जाता त्या शिवप्रियाच्या पाठीवरून हात फिरवून गेल्या. शिवप्रिया मान वर करून उभी होती. तुळशीच्या लग्नानंतर त्या घरात ती पहिल्यांदाच तशी उभी होती.

मास्तरनं चारी दहांवर काट मारली. सोमवारची सोलापूरची वेळ पोटाच्या डॉक्टरांकडची रद्द करून दातांच्या डॉक्टरांकडं घ्यायची ठरली. येताना एक चांगलं जड उलथनं आणायचं, हे बंडप्पांनी स्वतः तक्त्याच्या कोपऱ्यात लिहिलं. नवी कवळी येईपर्यंत काय करायचं ते शिवप्रियानं आधीच करून ठेवलं होतं: ज्वारीच्या मऊ शिजवलेल्या कण्या आणि लोणकढं तूप. पातेल्याचं झाकण तिनं काढलं तशी वाफ सगळ्या घरात पसरली.

पानं मांडली गेली. गौरीशंकरला पेन खिशात ठेवण्याआधी रकाना पुरा करायचा होता, म्हणून त्यानं विचारलं, “अप्पा, पोटाला किती लिहू?”

“दहा.”

“अजून तर जेवलाच न्हाई तुमी.”

“लिही तू,” बंडप्पा म्हणाले, आणि त्यांनी ताट सुनेपुढं धरलं.