संगणकाची ओटी

नागनाथचं आयुष्य सेलूच्या जिनिंग सोसायटीत कापसाच्या काट्यापाशीच गेलं असतं. वजन ओरडून सांगायचं आणि संध्याकाळी नाकातली रुई काढत घरी जायचं. पण सोसायटीनं संगणक घेतला आणि औरंगाबादला जाऊन तो शिकून यायला दुसरं कुणी तयार होईना. तेव्हापासून नागनाथ आतल्या खोलीत बसू लागला. संगणकाला उष्णता सोसत नाही म्हणून तिथं कूलर होता. माणसांना ती सोसते, असं सगळे धरूनच चालले होते.

त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात संगणकातली हार्ड डिस्क करकरायला लागली आणि एक दिवस बंद पडली. चेअरमन भगवानराव म्हणाले, "परत पाठवा ही ब्याद. पहिल्यासारखं हातानं लिवू."

नागनाथच्या डोळ्यांपुढं काटा उभा राहिला. एरवी हॉटेलात चहा मागायलाही तो लाजायचा, पण त्या दिवशी तोंडून निघून गेलं, "मालक, नवी डिस्क मी बसवतो."

"आन् न्हाई चालली तर?"

"तर मी काट्यावर जातो."

अक्षय्य तृतीयेच्या सकाळी त्यानं डिस्क बसवली. बटण दाबलं, तर संगणक चक्क चालू झाला. स्वतःवर विश्वास बसेना म्हणून त्यानं बंद करून पुन्हा लावला. पुन्हा चालला. मग तो पूजेचा नारळ आणायला बाजारात गेला. पूजेची बाकी तयारी भगवानरावांच्या आईनं, केवळाबाईनं, अंगावर घेतली होती. तो परतला तेव्हा संगणकाच्या डब्याला हळदकुंकू लागलं होतं आणि पुढून आंब्याच्या पानांचं दाट तोरण लोंबत होतं.

नारळ फुटला. भगवानरावांनी बटण दाबलं. आत घर्र झालं आणि काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटली.

"काय म्हणायलंय ते?"

"चालू व्हायला लागणाऱ्या फायली सापडत नाहीत म्हणतंय, मालक. डिस्क बदला म्हणतंय."

"आताच तर बदलली की रं!"

तोरणाला हात लावायची नागनाथची छाती नव्हती, म्हणून त्यानं डबाच पाठमोरा फिरवला आणि मागून उघडला. वायरी काढून पुन्हा बसवल्या. बटण दाबलं. घर्र, आणि तीच ओळ. परभणीच्या इंजिनिअरला फोन लावला, तर तो म्हणाला, डिस्क सदोष निघाली असेल. कारकून माणिकराव म्हणाले, "एक चापट हान. आमचा रेडिओ तसाच बोलतो." नागनाथनं चापटही मारून पाहिली. हलकीच मारली, कारण पूजा झालेली होती.

केवळाबाई कूलरसमोर पाय पसरून बसली होती. "घाबरू नको लेकरा," ती म्हणाली. "नवं हाय, लाजायलंय."

"दुपारपर्यंत लाजू दे," भगवानराव म्हणाले. "मग आमी काटा दावतो."

नागनाथ डब्यामागं वाकून स्क्रू शोधत होता, तेवढ्यात गार वाऱ्याच्या आशेनं शेजारच्या उमाजीची शेळी आत शिरली. सरकी खायला ती रोज आवारात यायची. तिनं पुढच्या बाजूनं तोरण धरलं आणि सगळे "हाट, हाट" करेपर्यंत निम्मं खाऊन टाकलं. तिला हाकलायला नागनाथ पुढं आला आणि तिथंच थबकला. तोरणाआड फ्लॉपीच्या फटीची खिट्टी आडवी पडलेली होती. आत आकडे साठवायची काळी फ्लॉपी होती. चालू होताना संगणक आधी तिलाच विचारत होता, आणि तिच्यात तर फक्त गेल्या हंगामाचे आकडे होते.

"माय, ही कुणी घातली?"

"म्या घातली," केवळाबाई अभिमानानं म्हणाली. "नवं काळीज बसवलं, मंग ओटी नको भरायला? त्याचं तोंड मोकळंच दिसलं. तुमी रोज तेच काळं पाकीट घालताव, खिट्टी लावताव. मी बगितलंय न्हाई का!"

नागनाथचा हात फ्लॉपीकडं गेला.

"हात लावू नको! भरलेली ओटी काढून घेतेत का रं कुणी? माणूस हाईस का कोण?"

"माय म्हणायलीय तसंच ऱ्हाऊ दे," भगवानराव घाईनं म्हणाले. आईपुढं ते चेअरमन नसायचे.

फ्लॉपी काढली तर केवळाबाईचा शाप, ठेवली तर काटा. आपल्याला सुचलेलं बरोबर असेल, असं नागनाथला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. आताही वाटत नव्हतं. तरी तो म्हणाला, "माय, ओटी पदरातच ऱ्हाऊ द्या. फक्त खिट्टी उघडतो. दार लावलं की त्याचा जीव गुदमरतो."

"आसं व्हय!" केवळाबाई म्हणाली. "मंग आधी न्हाई का सांगायचं? उनाळ्यात दार कोन लावतं?"

त्यानं खिट्टी उघडली. फ्लॉपी फटीतच राहिली, पण संगणकाच्या लेखी आता ती नव्हतीच. बटण दाबलं. डबा क्षणभर फटीपाशी कुरकुरला, मग नव्या डिस्ककडं वळला, आणि पडद्यावर ओळीमागून ओळी धावू लागल्या. माणिकरावांनी टाळ्या वाजवल्या. भगवानरावांनी नागनाथच्या पाठीवर एवढ्या जोरानं थाप मारली की त्याचा चष्मा कीबोर्डवर पडला.

"नागनाथा, काटा इसर आता. हितंच बस."

नागनाथ बसायला वळला, तर खुर्चीत केवळाबाई होती.

"रोज येत जाईन बाबा," ती पदरानं वारा घेत म्हणाली. "ओटी काढतेत का बगायला माणूस पायजे. आन् हितं गारबी हाय."

तेव्हापासून नागनाथ संगणकावरच काम करतो. त्याचं स्टूल कूलरच्या मागच्या बाजूला आहे.