लगोऱ्या

ओरेनला वाटेवरच्या लगोऱ्या खपत नसत. नवख्यांना परतीची वाट सापडावी म्हणून कुणीतरी तांबड्या खडकावर दगडावर दगड रचून ठेवी, आणि हा बुटाच्या टोकानं ते उडवून देई. उभा जन्म अमेरिकेतल्या युटाच्या या घळींमध्ये काढलेला माणूस. त्याच्या लेखी, दगड बघत चालणारा आणि भिंत धरून चालणारं पोर दोघं सारखीच.

त्या मार्चच्या सकाळी तो पुढं आणि त्याची मुलगी डेल्फा मागं, अशी दोघं घळीत उतरली. सावलीत अजून बर्फ होतं, पण उन्हातला खडक हाताला उबदार लागत होता. पहिली लगोरी दिसली तसा म्हातारा थांबला.

"बघ, येऊन गेले शहरातले शहाणे! एवढी भीती वाटते तर घरी बसा म्हणावं." आणि मारली लाथ.

"बाबा, राहू द्या की एखादी. कुणाच्या तरी उपयोगी पडेल."

"ज्याला वाट ठाऊक नाही त्यानं यावंच कशाला?"

डेल्फा हसली. हसायला नको होतं. त्याच सकाळी न्याहारी करताना बापानं तिला दोनदा आईच्या नावानं हाक मारली होती, आणि आई जाऊन तर वर्षं लोटली होती. गेल्या हिवाळ्यापासून त्याचं डोकं असं फुटक्या मडक्यासारखं गळायला लागलं होतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण निदान घळीत तरी त्याला शहाणा राहू द्यावं, एक दिवस, असं तिच्या मनात आलं. माया आंधळी असते म्हणतात; कधी कधी ती नुसती भित्री असते. तिनं पुढच्याही सगळ्या पाडू दिल्या.

दुपारी परत फिरले तेव्हा समोर तीन फटी आल्या, तिन्ही सारख्याच तांबड्या. ओरेन एकीत शिरला, बाहेर आला, दुसरीत शिरला, पुन्हा बाहेर आला. उघड्या खडकावर पावलंही उमटत नाहीत.

"बाबा, आपण आलो कुठून?"

"सांगतो ना! जरा दम धर की," तो खेकसला. मग लंगडत जाऊन एका दगडावर बसला आणि बारीक आवाजात म्हणाला, "पोरी, मला काही आठवत नाही गं."

त्याचा गुडघा सुजला होता, आभाळ भरून आलं होतं आणि फोनला रेंज नव्हती. तिनं त्याला एका कोरड्या कपारीत बसवलं, आपला कोट त्याच्याभोवती गुंडाळला, पाणी जवळ ठेवलं.

"मी माणसं घेऊन येते. इथून हलायचं नाही. माझी शपथ आहे तुम्हाला."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे? जा तू."

कपारीपासूनच ती लगोऱ्या रचत निघाली, म्हणजे बापाकडं परत येता येईल. चुकीच्या फटीत शिरली की आपल्याच हातानं मोडायची आणि मागं फिरायची. बोटं सोलवटून निघाली. दिवस मावळता मावळता ती रस्त्याला लागली, एक ट्रक थांबला, गावातून बचाव पथक आलं. पण तोवर बर्फ पडायला लागलं होतं.

"आता उतरलो तर आमच्यातलेच दोघे-तिघे जातील, ताई," पथकाचा म्होरक्या नेफाय म्हणाला. "कपार कोरडी आहे, अंगावर कोट आहे. काढतील ते रात्र. आणि वाट तर तुम्ही दाखवून ठेवलीच आहे."

उजाडताच निघाले. प्रत्येक लगोरीवर बर्फाची टोपी होती, पण उभी होती. एक दिसली की डेल्फा पुढच्या लगोरीकडं धावायची. आणि एका वळणावर तिला बाप दिसला.

कपार अजून बरीच लांब होती. एका लगोरीशी तो कुशीवर पडला होता, अंगात नुसता सदरा. कोट मागं कपारीतच राहिला होता. बुटाचं टोक खालच्या दगडाला टेकलेलं, पण तेवढा दगड ढकलायचं त्राण पायात उरलं नव्हतं. त्याच्या मागं, नजर जाईल तिथवर तिची एकही लगोरी उभी नव्हती. म्हातारा लेकीच्याच खुणा धरून चालत आला होता, आणि एकेक उडवत आला होता.

नेफायनं टोपी काढली. "जागेवर बसले असते तर वाचले असते," तो पुटपुटला. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

बापाला उचलून नेल्यावर डेल्फा त्या लगोरीसमोरच पाय उचलून उभी राहिली.

"चला ताई. ही राहू द्या आज, नंतर कुणीतरी पाडेल."

"नको. ही त्यांची पाडायची राहिलीय."

तिनं लाथ मारली. दगड घरंगळत खाली गेले, आणि ती त्याच जागी मटकन बसून हंबरडा फोडून रडली.

"पहिल्याच लगोरीशी तुमचा हात धरायला हवा होता हो बाबा. हसत काय बसले मी!"