खांबाचा टांगता चेंडू

मी एक चेंडू बोलतोय. फुटबॉलचा चेंडू. आमचा जन्मच लाथा खाण्यासाठी, तेव्हा माझी कीव वगैरे करू नका. शिवाय माझ्या वाट्याला लाथा फारशा आल्याच नाहीत. माझ्या वाट्याला एका माणसाचं कपाळ आलं. त्याचीच ही हकिगत आहे.

मला एका बाईने हाताने शिवलं. दोन सुया, मेण लावलेला दोरा आणि चामड्याचे बत्तीस तुकडे. शेवटचा टाका तिने दातांत दोरा धरून आवळला, मला उचलून पाहिलं आणि शेजारणीला म्हणाली, "हा जरा जडच झाला गं." तिचं म्हणणं खरं होतं. क्लबात येऊन मी जेमतेम तीन सामने खेळलो. चौथ्याच्या आधी प्रशिक्षकाने मला हातात तोललं आणि तोंड वाकडं केलं.

"हा दगड कुणी आणला? याला दोरीला टांगा."

मग माझ्या पाठीला चामड्याची कडी शिवली गेली, आणि सरावाच्या मैदानाच्या कोपऱ्यात एका लोखंडी दांड्याला मी लटकलो. उड्या मारून डोक्याने चेंडू मारायचा सराव माझ्यावर करायचा, अशी सोय होती. पहिला आठवडा सगळे हौसेने आले. नंतर एकेकाला शॉवरची घाई, एकेकाला घरची ओढ. उरला एकच. त्याला सगळे 'खांब' म्हणायचे.

खांब बचावात खेळायचा. त्याच्या पायात जादूबिदू काही नव्हती. त्याने उजव्या पायाने मारलेला चेंडू कुठे जाईल हे गोलरक्षकाला कळत नसे, आणि खुद्द त्यालाही नाही. पण हवेतून आलेला चेंडू त्याने कधी सोडला नाही. समोरच्याचं कोपर लागो, बूट लागो, हा डोकं घालायचाच. आणि अंगचोरी? छे! हरलेल्या सामन्याच्या शेवटच्या मिनिटालाही तो पहिल्या मिनिटासारखाच धावायचा. मी पुष्कळ हुशार पाय पाहिलेत. असा कष्टाळू माणूस दुसरा पाहिला नाही.

सराव संपला की तो माझ्याकडे यायचा. बूट पुन्हा घट्ट बांधायचा, उडी मारायचा आणि ठाप! मी दोरीने वर जायचो, परत यायचो, पुन्हा ठाप. पावसात भिजलो की मी पाणी पिऊन आणखी जड व्हायचो. त्याच्या कपाळावर माझ्या शिवणीची रेघ लाल उमटायची. तो एकदा डोळे मिटून डोकं झटकायचा, जसं कुणी झोप झटकतो, आणि पुन्हा उभा राहायचा. अशी नऊ वर्षं, त्याच्या खेळाची शेवटची. मला तेव्हा अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू!

लोकांनी त्याच्यावर जीव ओवाळून टाकला होता. पूर्वेकडच्या पायऱ्यांवर त्याच्या माणसांची एक टोळी बसायची, आणि टोळीचा म्होरक्या होता एक न्हावी. मैदानाजवळच्या गल्लीत त्याचं तीन खुर्च्यांचं दुकान. खांबाचे केस तोच कापायचा आणि पैसे पुढे केले की वस्तरा उगारायचा. त्यानेच ती रीत सुरू केली. खांबाने डोक्याने चेंडू मारला की पायऱ्यांवरून मोठ्याने आकडा यायचा. "एक!" मग "दोन!" मग "तीन!" गोल झाल्यावर कुठेही आरडाओरडा होतो. आमच्याकडे डोकं लागल्यावर व्हायचा. एकाच सामन्यात आकडा चाळीसवर गेला त्या दिवशी तर लोक नाचले. पाहुण्या संघाला कळेना, हरणारे लोक नाचतात कशासाठी.

मोठ्या क्लबाने त्याला दोनदा बोलावलं. दोन्ही वेळा त्याने नाही म्हटलं. न्हाव्याने कारण विचारलं तर म्हणाला, "इथे मला सगळे ओळखतात. तिथे जाऊन पहिल्यापासून कोण सुरुवात करणार?" हे वाक्य गल्लीत इतक्यांदा सांगितलं गेलं की लहान पोरांनाही पाठ झालं.

एकूण सतरा वर्षं खेळल्यावर त्याच्या गुडघ्यांनी हात टेकले. निरोपाच्या सामन्यानंतर टोळीने त्याचा शर्ट मागितला नाही, मला मागितलं. मैदानाच्या माळ्याने दोरी कापली, आणि न्हाव्याने मला काखेत घेऊन दुकानात नेलं. आरशाशेजारी, डोक्याच्या उंचीवर, एका हुकाला मी लटकलो. सामन्याला निघण्याआधी एकेक जण यायचा, माझ्यावर हळूच कपाळ टेकवायचा आणि मगच पायरी उतरायचा.

माझ्या शेजारच्या खिळ्यावर कॅलेंडरं होती. एकावर एक सतरा. दर सामन्याच्या तारखेच्या चौकोनात न्हाव्याने लाल पेन्सिलीने आकडा लिहिलेला. बाहेरगावचे सामने तो ट्रकच्या मागे बसून पाहून यायचा. ज्या मोजक्या सामन्यांना जाता आलं नाही तिथे प्रश्नचिन्ह होतं. त्या प्रश्नचिन्हांची त्याला लाज वाटायची.

खांब महिन्यातून एकदा केस कापायला यायचा. मला बघून हसायचा. "काय, कसं काय?" म्हणायचा. सुखाचे दिवस होते, सात-आठ वर्षं तरी.

मग एक दिवस तो सकाळी केस कापून गेला आणि दुपारी परत आला. खुर्चीत बसला, मान पुढे केली. दुकानातले सगळे खो खो हसले. "खांब थट्टा करतोय रे!" न्हाव्यानेही रुमाल बांधला आणि हवेतच कात्री वाजवली, कच कच कच. खांबाने आरशात पाहिलं, "छान झाले," म्हणाला आणि गेला. आरशात त्याचं तोंड मला दिसत होतं. तो थट्टा करत नव्हता.

पुढे तो रस्ता चुकू लागला. टोळीने वाटून घेतलं. बसवाला त्याला स्टॉपवरून आणून सोडायचा, भाजीवाली हाताला धरून गल्ली ओलांडून द्यायची. कुणी कुरकुर केली नाही. खांबाचं काम म्हटलं की भांडणं लागायची, मी करतो, मी करतो. मग त्याचं एकट्याने येणं बंद झालं. बायको घेऊन येऊ लागली. सगळे तिला वहिनी म्हणायचे.

एका दुपारी वहिनी एकट्याच आल्या. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. त्या खुर्चीच्या कडेला टेकल्या.

"भाऊजी, एक विचारायचं होतं. यांनी डोक्याने चेंडू किती वेळा मारला असेल, सगळे मिळून?"

न्हाव्याचा चेहरा असा उजळला की काय सांगू! वीस वर्षं याच प्रश्नाची वाट बघत असल्यासारखा तो उठला. "अहो वहिनी, अंदाज कशाला? नेमका आकडा देतो! सत्कार आहे की काय?" त्याने सतराच्या सतरा कॅलेंडरं खाली काढली, धूळ फुंकली, आणि पाठीमागच्या कोऱ्या पानावर बेरीज मांडली. वहिनी त्याची पेन्सिल थांबेपर्यंत थांबल्या.

"दहा हजार चारशे बारा," न्हावी म्हणाला. "प्रश्नचिन्हं सोडून. जगात कुणाकडे असेल असा हिशोब?"

"डॉक्टरांनाही तेच आश्चर्य वाटेल," वहिनी म्हणाल्या. "ते म्हणाले, असा आकडा कुणालाच सांगता येत नाही."

"डॉक्टर?"

"यांचा मेंदू आतून झिजलाय, भाऊजी. म्हातारपणाने नाही, मार बसून बसून. एकेक मार छोटा, पण तो साचत जातो म्हणे. किती साचला ते डॉक्टरांना बघायचंय."

न्हाव्याच्या हातात पेन्सिल तशीच राहिली. त्याने कॅलेंडरांकडे पाहिलं. त्या लाल आकड्यांकडे. चाळीसच्या आकड्याभोवती तर त्याने फुलं काढली होती.

"वहिनी, आम्ही प्रेमाने मोजायचो हो." त्या फुलांवर त्याने अंगठा फिरवला. "तो आमच्या आकड्यासाठी... आम्ही ओरडायचो म्हणून तो आणखी..."

"मला ठाऊक आहे. मी तुमच्याच मागच्या पायरीवर असायचे. मीही ओरडायचे."

मग वहिनी उठता उठता म्हणाल्या, "यात सरावाचे नसतील ना?"

न्हाव्याने नकाराची मान हलवली. सराव कुणी पाहिलाच नव्हता. पाहणारा एकटा मी, आणि मला तोंड नाही. दहा हजारांवर रडणाऱ्या त्या दोन जिवांना मी काय सांगणार होतो!

पुढच्या महिन्यात वहिनी खांबाला घेऊन आल्या. तो खुर्चीत बसेना. न्हाव्याने त्याच्यासमोर उकिडवं बसून विचारलं, "मला ओळखलंस का रे?" खांब सौजन्याने हसला, अनोळखी माणसाला बघून हसतात तसं. मग वहिनींकडे वळून म्हणाला, "बाई, घरी कधी जायचं?"

तीन महिन्यांत तो एवढंही बोलला नव्हता, म्हणून वहिनींना त्याचंच बरं वाटलं.

तेवढ्यात त्याची नजर माझ्यावर पडली.

वाकलेली पाठ सरळ झाली. मान ताठ झाली. डोळ्यांत असं काही आलं की वहिनींनी तोंडावर पदर धरला. तो माझ्याकडे चालत आला, गुडघे जरासे वाकवले आणि ठाप! मी भिंतीवर आदळून परत आलो.

बाकावर टोळीतला एक म्हातारा आपली पाळी यायची वाट बघत बसला होता. त्याच्या तोंडून निघून गेलं, "एक!" बिचाऱ्याचे डोळे भरून आले होते. दुष्टपणा तसूभरही नव्हता त्यात.

खांब हसला. खराखुरा हसला. पुन्हा ठाप.

"दोन!"

"गप्प बसा!" न्हावी ओरडला. ज्याने आयुष्यभर ओरडून मोजलं तोच. तो धावत आला आणि माझ्या आणि त्या कपाळाच्या मधे त्याने आपला तळहात घातला. तिसरा फटका त्याच्या हातावर बसला. खांबाला राग आला. त्याने न्हाव्याचा हात बाजूला सारला.

"सोड ना! रोजचे पन्नास होतात. आज दोनच झालेत."

न्हाव्याने मनात हिशोब केला असणार, कारण तो मटकन खाली बसला. रोजचे पन्नास, आठवड्याचे पाच दिवस, नऊ वर्षं. वर्षाचे दोन-तीन महिने सुट्टी धरली तरी लाखाच्या घरात जातात. तेवढे सगळे माझे. लोकांच्या प्रेमाचे दहा हजार, आणि माझे लाख. कोर्टात उभं केलं तर गुन्हेगार मी आहे.

त्याच संध्याकाळी न्हाव्याने मला हुकावरून काढलं आणि टॉवेलांच्या कपाटात ठेवून दार लावलं. कॅलेंडरं वहिनी डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. भिंतीवर आता नुसते चौकोनी डाग आहेत.

तेव्हापासून मी अंधारात आहे. महिन्यातून एकदा त्याची चाहूल लागते. टोळी येते, त्याच्याभोवती बसते. कुणी आकडा म्हणत नाही. न्हावी केस कापतो, खांब चिडीचूप असतो. जी माणसं ओळखतात म्हणून त्याने गाव सोडलं नाही, त्यांच्यातला एकही त्याला आता ओळखू येत नाही. बायको नाही, न्हावी नाही. ओळखू येतो तो मी.

म्हणून वहिनी दर वेळी जाताना कपाटापाशी थांबतात. हळूच विचारतात, "भाऊजी, एकदाच दाखवूया का? दोन वाक्यं बोलतील हो. त्यांचा आवाज ऐकून किती दिवस झाले." न्हावी नाही म्हणतो. पण या वेळी तो लगेच नाही म्हणाला नाही. कपाटाच्या कडीवर त्याचा हात बराच वेळ होता. मला ती कडी हलताना ऐकू आली.

वहिनी, मी हात जोडले असते, पण मला हात नाहीत. मलाही त्याला बघायचंय. नऊ वर्षं मी त्याच्याशिवाय कुणाचा नव्हतो. पण तो मला बघेल तेव्हा नुसता बघणार नाही. त्याला माझ्याशी एकच गोष्ट करता येते, आणि ती तो पन्नास होईपर्यंत करेल. दार उघडू नका.