लेकीच्या सुया

तीस वर्षं मी जनावरांची हाडं सांधली, पोटं फाडली आणि शिवली. लेकही जनावरांची डॉक्टर झाली तेव्हा वाटलं, चला, वारस मिळाला. पण पुढे वर्षभर चिनी उपचार शिकून ती परतली ती सुयांची पेटी घेऊनच.

"एवढं शिकून शेवटी टोचाटोचीच?"

"बाबा, तुम्ही इंजेक्शन देता ते काय असतं?"

दवाखान्याच्या मागची खोक्यांची खोली मी तिला रिकामी करून दिली. म्हटलं, हौस फिटू दे.

एके सकाळी निवृत्त पोस्टमनकाका त्यांच्या लांबोडीला उचलून घेऊन आले. लांब अंगाची, आखूड पायांची, तेरा वर्षांची कुत्री. मणक्याची गादी सरकून मागचे दोन्ही पाय लुळे पडलेले. हृदय इतकं कमजोर की भूल दिली असती तर टेबलावरच गेली असती. मी हात टेकले. "काका, औषधं देतो, पण..."

"मी बघू का?" लेक दारात उभी होती.

तिनं जमिनीवर चटई अंथरली, मांडी घालून बसली, लांबोडीची जीभ पाहिली, नाडी चाचपली. मग कण्याच्या दोन्ही बाजूंना, गुडघ्यांमागे केसासारख्या बारीक सुया टोचल्या. आता चावणार, अशी माझी खात्री. मला तर ती दोनदा चावली होती. पण साळिंदर झालेली लांबोडी पाच मिनिटांत चक्क घोरायला लागली.

औषधं माझी, सुया तिच्या, आठवड्यातून दोनदा. सहाव्या आठवड्यात लांबोडी उठली, तीन पावलं लडखडत चालली आणि धपकन बसली. काकांच्या डोळ्यांना धार लागली. मी मनात म्हटलं, गुण औषधांचाही असेल. जित्याची खोड!

बातमी पसरली. एक शिक्षिका मांजरी घेऊन आल्या. तिच्या पोटात लिंबाएवढी गाठ.

"ऑपरेशन नको गं बाई. तुझ्या हाताला यश आहे म्हणतात. सुयांनीच विरघळव."

लेकीनं गाठ नीट चाचपली.

"बाई, सुईनं दुखणं हलकं होतं, गाठ जात नाही. ती काढायलाच हवी, तीही याच आठवड्यात. माझे बाबा काढतील. त्यांच्याइतका स्थिर हात मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही."

मी औषधांच्या कपाटाआड उभा होतो. ऊर भरून आला. विद्या कुणीही शिकतं, पण ती कुठे संपते हे तोंडावर सांगायला मला पन्नाशी उलटावी लागली होती. पोरीची अजून तिशीही झाली नव्हती.

गाठ निघाली. शुद्धीवर येताना मांजरी कण्हू लागली, तेव्हा मी मदतनीसबाईंना म्हणालो, "आमच्या डॉक्टरीणबाईंना बोलवा."

लेक धावत आली. "काय झालं बाबा?"

"हिला तुझ्या सुया लागतील, असं मला वाटतं. पण यातली जाणकार तू. सांग, मी काय करू?"

"डोकं धरा," ती म्हणाली.

मी धरलं.