ओल्या कांडीचा कबुलीजबाब

मी बेकरीच्या भिंतीवर वाळत पडलेली कांडी बोलतेय. अंगावर बोटभर लांब तडा आहे, तो जन्मापासूनचा. माझा अपराधही तेवढाच जुना.

मूळची मी कपाशीची पऱ्हाटी. कापूस वेचून झाला की आम्हाला कोणी विचारत नाही, बांधावर पेटवून मोकळे होतात. मला मात्र एका बापलेकीच्या शेडमध्ये आणलं. तिथे आमचा भुसा करतात, यंत्रात दाबतात आणि मनगटाएवढ्या कांड्या काढतात, लाकडाऐवजी भट्टीत जाळायला. तेव्हा माझा तोरा काय वर्णावा!

बापाची एक सवय होती. भुसा यंत्रात घालण्याआधी तो मूठभर घेऊन आवळायचा. मूठ उघडल्यावर भुसा सुटला तर कोरडा, गोळा राहिला तर ओला. त्या दिवशी धुळीने त्याला खोकल्याची उबळ आली. तो बाहेर गेला तसं धूळ बसावी म्हणून लेकीने भुशाच्या ढिगावर झारीने पाणी शिंपडलं. परत आल्यावर बापाने घाईत मूठ आवळलीच नाही. बेकरीवाल्या बाई पहिल्यांदाच कांड्या घेऊन बघणार होत्या. त्यांना पसंत पडल्या नाहीत तर शेडला कुलूप लागणार होतं.

भट्टीत माझ्या बहिणी नुसत्या धुमसल्या. पावांना धुराचा वास लागला, अख्खी खेप वाया गेली. मी टोपलीत उरले, पण ओल माझ्याही अंगात होतीच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाईंनी दोघांना बोलावलं. बापाने मला उचललं, ओल्या भुशामुळे पडलेला तडा पाहिला आणि मान खाली घातली.

"चूक माझी, ताई. मूठ बघितली नाही."

"बाबा, पाणी मी शिंपडलं होतं," लेक कशीबशी म्हणाली.

"मूठ बघणं माझं काम होतं."

बाई मला भिंतीवर ठेवत म्हणाल्या, "ही इथेच वाळू दे. चार दिवसांनी हीच जाळून बघते. धूर झाला तर पुन्हा येऊ नका."

तेव्हापासून लेक रोज येऊन मला उन्हात कूस बदलून ठेवते. आज चौथा दिवस. बाप नाकावर फडकं बांधून शेडमधून थेट आलाय. बाईंच्या हातात चिमटा आहे.

बांधावर जळले असते तर मनसोक्त धूर केला असता आणि कोणी नाव ठेवलं नसतं. पण या दोघांनी माझ्यावर भरवसा टाकला, तोच आता बोचतो. त्या पावांची भरपाई माझ्याच्याने होणार नाही. बाई, एवढंच मागते: मी जळत असताना त्या पोरीच्या तोंडाकडे बघू नका. धुराड्याकडे बघा.