पहिला घोट धाकटीचा

हॉटेलवाल्या बाई माल चाखायला ठरल्या वेळेआधीच आल्या. दादा वरवर हसत होता, पण हातातलं फडकं केव्हापासून एकाच ग्लासावर फिरत होतं. त्याच्या बहिणीने, धाकटीने, ते बरोबर हेरलं.

भानगड अशी होती की दादाला वास येत नव्हता. हिवाळ्यात ताप आला, उतरला आणि जाताना वास घेऊन गेला. जिभेला गोड-आंबट कळायचं, बाकी सगळा ठणठणाट. सफरचंदाची सायडर आणि वाइन बनवणाऱ्याचंच असं व्हावं? नशिबाने थट्टा करावी, पण किती! बहीणभावाखेरीज कुणाला याचा पत्ता नव्हता. बाईंना माल पसंत पडला तर त्यांच्या सगळ्या हॉटेलांत जाणार होता. पण बनवणाऱ्यालाच वास येत नाही म्हटल्यावर त्या कशाला थांबतील?

म्हणून दोघांनी युक्ती काढली होती. बाटली उघडली की पहिला घोट धाकटीचा. ती हसली की माल झकास, कपाळाला आठी पडली की गडबड. पाहुण्यांना वाटायचं, भावाची बहिणीवर काय माया!

पहिल्या दोन बाटल्या सायडरच्या, त्या निभावल्या. बाई घोट तोंडात घोळवायच्या, चाखणाऱ्यांच्या रीतीप्रमाणे भांड्यात थुंकायच्या आणि वहीत काहीतरी टिपायच्या. ते टिपणं धाकटीचा जीव खात होतं. मग दादाने लाल वाइन उघडली.

"तुम्ही घोट घेता ना, तेव्हा मी तुमचाच चेहरा बघते," बाई अचानक धाकटीला म्हणाल्या.

धाकटीने घोट घेतला आणि नाकात ओल्या गोणपाटाचा वास भरला. बूच खराब निघून वाइन बिघडली होती. तसं एखादं निघतंच. माफी मागायची, दुसरी बाटली उघडायची, कुणी काही म्हणत नाही. पण बाई टक लावून बघत होत्या, आणि गिऱ्हाइकासमोर तोंड वाकडं करायचं नाही ही वर्षानुवर्षांची सवय आड आली. धाकटी छानपैकी हसली.

दादाने ते हसू पाहिलं आणि बाईंचा ग्लास भरला.

"वास बघा नुसता! चेरी कशी दरवळतेय."

बाईंनी ग्लास नाकाशी नेला आणि तसाच खाली ठेवला.

"तुम्ही स्वतः घेतलात वास?"

"माझंच चुकलं," धाकटी घाईने म्हणाली. "ग्लास नीट धुतला नसेल मी."

दादाने तिच्याकडे पाहिलं. खोटं बोलताना तिचे कान लाल व्हायचे, लहानपणापासून.

"गप गं," तो हळूच म्हणाला. मग बाईंकडे वळला. "मला वास येत नाही, बाई. हिवाळ्यापासून. हिच्या तोंडाकडे बघून ओततो मी."

धाकटीला वाटलं, संपलं सगळं, आणि तेही आपल्या एका मेल्या हसण्यापायी.

"मग ही वाइन बनवली कुणी?"

"बनवली मी, तापाच्या आधी. पिंपातून बाटलीत कधी भरायची, ते हिने ठरवलं."

बाईंनी ग्लास भांड्यात ओतून टाकला.

"दुसरी उघडा." त्या धाकटीला म्हणाल्या, "आणि आता हसू नका. जे वाटेल ते तोंडावर येऊ द्या."

दादाने दुसरी बाटली उघडली. पहिला घोट धाकटीचा. वाइन चांगली होती, फार चांगली होती, भावाच्या हातची होती. तिला हसायचं नव्हतं, आणि आता हसू आलंही नसतं. ओठ थरथरले, डोळे भरून आले.

दादाने तिच्याकडे पाहिलं आणि काही न विचारता बाईंचा ग्लास भरला.

बाईंनी घोट घेतला, बराच वेळ तोंडात घोळवला. धाकटीने भांडं त्यांच्यापुढे सरकवलं. बाईंनी ते हाताने बाजूला केलं आणि घोट गिळला.