सतरा नंबरची चिठ्ठी

तिनं नवव्या रेनकोटाच्या आतल्या खिशात हात घातला, तेव्हा जुन्या कपड्यांच्या दुकानदारानं वर्तमानपत्र खाली ठेवलं.

“बाई, काही हरवलंय का?”

“नाही.”

“मग कोट अंगाला लावून बघतात. खिशात हात घालून नाही.”

ती ओशाळली, पण हात काढला नाही. तीन दिवसांतलं हे सहावं दुकान होतं आणि तिच्याजवळची होती नव्हती ती लाज पहिल्या दोन दुकानांतच खर्ची पडली होती. खिशातून बसचं एक जुनं तिकीट निघालं, केसांची पिन निघाली. तिनं ते सगळं होतं तिथं परत ठेवलं आणि पुढचा कोट ओढला.

तिला हवी होती बोटाच्या पेराएवढी एक चिठ्ठी. वर ‘तपासले’, खाली आकडा, त्याखाली तारीख. रेनकोटांच्या कारखान्यात प्रत्येक कोट खोक्यांत बांधणीला जाण्याआधी तिच्या टेबलावर यायचा. ती शिवण दोन्ही हातांनी ताणून बघायची, आणि कोट पास झाला की आतल्या खिशात चिठ्ठी सरकवायची. आकडा सतरा. कारखान्यात तिला सगळे सतराच म्हणत. नऊ वर्षं तिनं रोज ढिगानं चिठ्ठ्या टाकल्या होत्या, आणि आता एक शोधायची तर डोळ्यांत तेल घालून बसायची वेळ आली होती.

कारखाना दोन महिन्यांपूर्वी बंद पडला. बंद पडला म्हणजे, एका सोमवारी माणसं कामावर गेली तर फाटकाला कुलूप, आणि मालक हजेरीच्या वह्यांसकट गायब. पगार पाकिटातून रोख मिळायचा. पितळी बिल्ला रोज संध्याकाळी फाटकावर जमा करून घरी जायचं. त्यामुळे नऊ वर्षांतलं हातात उरलं काय, तर शिवणी ताणून ताणून जाड झालेली दोन अंगठ्यांची कातडी.

“तेवढ्यावर भत्ता कसा देणार?” बेकारी भत्त्याच्या कचेरीतली खिडकीवाली म्हणाली होती. बाई तशी वाईट नव्हती, आवाजही चढवत नव्हती. “तुम्ही तिथं कामाला होतात याचा पुरावा लागतो. कागद नसेल तर बरोबरच्या दोघींच्या सह्या आणा. तुमच्या कारखान्यातल्या सगळ्याजणी तेच करताहेत. हिची तिला, तिची हिला. पण शुक्रवारच्या आत. नंतर अर्ज घेता येत नाही.”

हातच्या कांकणाला आरसा लागत नाही म्हणतात. खिडकीला लागतो.

हिची तिला आणि तिची हिला, हे खरंच होतं. फक्त सतराची कुणालाच नव्हती. तपासणीवालीनं कामगारांत मिसळायचं नाही, असा मालकाचा नियम होता. तिच्यासाठी कोपऱ्यात काचेची खोली करून दिली होती. तिथून परत गेलेल्या प्रत्येक कोटामागे कुणाचा तरी पगार कापला जायचा. आता जी बाई आपला पगार कापते तिला कोण म्हणणार, की ये बाई, चार घास बरोबर खा? सतराशे साठ चुका काढते म्हणून सतरा, असं त्या आपसांत म्हणत आणि हसत. काचेतून ऐकू येत नसे, पण दिसायचं. पहिल्या वर्षानंतर ती जेवताना काचेकडे पाठ करून बसू लागली.

भत्ता नाही मिळाला तर महिनाअखेर खोली सोडावी लागणार होती. तिची आणि आक्काची खोली. आक्का, तिची मोठी बहीण, तीन वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून नुसती तिची. आक्काचा मुलगा दूरच्या गावाहून फोनवर म्हणाला होता, “मावशी, इकडे ये की. आपलंच घर समज.” आणि लगेच पुढे म्हणाला होता, की जागा तशी लहान आहे, दाराजवळ गादी घालता येईल. मन चांगलं होतं बिचाऱ्याचं. पण दाराजवळच्या गादीवरून माणूस सगळ्यांच्या आधी उठतो आणि सगळ्यांच्या नंतर झोपतो, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

अकरावा कोट गडद हिरवा होता, कमरेचा पट्टा हरवलेला. तिनं आतल्या खिशाच्या तळाशी बोट फिरवलं आणि कोपऱ्यात, शिवणीला चिकटून बसलेला कागद तिच्या नखाला लागला.

तपासले. १७. आणि तारीख.

तारीख तिनं दोनदा वाचली. मग जवळच्या स्टुलावर बसली, दुकानदाराला न विचारता.

त्या तारखेच्या आदल्या दिवशी दुपारी आक्का गेली होती. संध्याकाळपर्यंत सगळं उरकलं, आजारपणात येऊन राहिलेला भाचा पुढचे विधी गावी करायचे म्हणून रात्रीच्या गाडीनं परतला. सकाळी ओट्यावर दोन कप होते. आक्काचा धुवून ठेवायचा की तसाच राहू द्यायचा, हे तिला ठरवता येईना, म्हणून ती कामावर गेली. कुणाला काही बोलली नाही. बोलायचं तर काच उघडावी लागली असती.

आता तिनं सवयीनं कोटाची बाही उचलली आणि काखेतली शिवण ताणली. बोटभर लांबीत टाकाच पडलेला नव्हता. उजेड आरपार दिसत होता. असा कोट तिनं पास केला होता. नऊ वर्षांच्या कामाचा एकुलता एक पुरावा मिळाला, तोही असा.

“घेणार आहात का?” दुकानदार म्हणाला. “तो फाटका आहे हो, सांगून ठेवतो.”

“माहीत आहे,” ती म्हणाली, आणि घासाघीस न करता तो घेतला.

खिडकीवालीनं चिठ्ठी चष्म्याजवळ नेऊन बघितली.

“यावर आकडा आहे, बाई. नाव नाही.”

“सतरा म्हणजे मी.”

“ते मी मानीन हो. कागद मानायला हवा ना.” मग जरा विचार करून ती म्हणाली, “चिठ्ठी आहे म्हणून दोनाच्या जागी एक सही चालवून घेते. सतरा म्हणजे तुम्हीच, एवढं एकीनं लिहून दिलं की झालं. उद्या शुक्रवार आहे पण.”

एक सही. अशी एकच बाई होती जिचा ठावठिकाणा सतराला माहीत होता. बाह्या जोडणारी, तिला सगळे बाहीवाली म्हणत. कारखाना बंद पडल्यावर तिनं लाँड्रीच्या जिन्याखाली शिलाई मशीन टाकलं होतं आणि वर पाटी लावली होती, ‘फिटिंग करून मिळेल’. महिनाभर सतरा त्या रस्त्यानं जायची ती पलीकडच्या बाजूनं. कारखान्याच्या शेवटच्या आठवड्यात तिनं बाहीवालीचे चाळीस कोट परत पाठवले होते.

आज ती अलीकडच्या बाजूनं गेली.

“या, सतराताई,” बाहीवाली मान वर न करता म्हणाली. “मला वाटलं, रस्ता ओलांडायला तुम्हाला अजून महिनाभर लागेल.”

अर्जाचं काही बोलायला सतराची जीभ उचलेना. तिनं कोट पुढे केला.

“काखेत उसवलाय.”

बाहीवालीनं मशीन थांबवलं, कोट उलटा केला आणि शिवणीवरून अंगठा फिरवला.

“उसवला नाही. शिवलाच गेला नाही. माझंच काम हे.” तिनं वर पाहिलं. “हा कसा काय सुटला तुमच्या हातून?”

सतरानं पर्समधून चिठ्ठी काढून मशीनवर ठेवली. बाहीवालीनं तारीख वाचली. बराच वेळ वाचली.

“तेव्हा दोरा खराब आला होता,” ती म्हणाली. “आठवतंय?”

“नाही.”

“तुम्हाला कसं आठवेल? तुम्ही त्या दिवशी नव्हताच.”

सतरानं चिठ्ठीवर बोट ठेवलं. “होते की. चिठ्ठी आहे ना.”

“चिठ्ठी आहे,” बाहीवाली म्हणाली. “मशीन कुणाचंही असो, टाका सुटत होता. आम्ही सगळ्या मनाची तयारी करून बसलो होतो. म्हटलं, आज निम्मे कोट परत येणार. दुपार झाली तरी एक आला नाही. खोटं कशाला सांगू, आधी बरंच वाटलं. मग कॉलरवाली म्हणाली, अगं, बाईला काहीतरी झालंय. काचेतून बघितलं, तर तुम्ही कोट घेताय, चिठ्ठी टाकताय, कोट घेताय, चिठ्ठी टाकताय. हात चाललाय, पण डोळे भलतीकडेच.”

सतरा बाजूला पडलेल्या पँटींच्या ढिगाकडे बघत राहिली.

“मग?”

“मग काय? ते कोट तसेच गेले असते तर तुमच्यावर आलं असतं. बांधणीवाल्याला गोड बोलून थांबवलं आणि जेवणाच्या सुट्टीत सगळे उघडून परत शिवले. उरलेले दुसऱ्या दिवशीच्या सुट्टीत. डबे तसेच घरी गेले आमचे. हा एक तेवढा निसटलेला दिसतोय.”

“मला कुणी बोललं नाही.”

“बोलायला आले होते मी. तुम्ही पाठ करून बसला होतात. काचेवर टकटक करावी का नको, ‘काय काम आहे’ म्हणून फटकाराल की काय, या विचारातच भोंगा झाला.”

लाँड्रीतून गरम कपड्यांचा वास येत होता. कुणीतरी जिन्यावरून वर चढून गेलं.

“आक्का गेली होती,” सतरा म्हणाली. “माझी बहीण. आदल्या दिवशी.” तीन वर्षांत हे वाक्य तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, आणि सांगितल्यावर ते फार लहान वाटलं.

बाहीवालीनं त्याच हिरव्या रंगाचं दोऱ्याचं रीळ शोधलं, दोरा सुईत ओवला, कोट मशीनखाली घेतला आणि जरुरीपेक्षा सावकाश शिवला. दोरा तोडून कोट पुढे केला.

“बघून घ्या.”

सतरानं शिवण ताणली. ताणायला नको होती. पर्समध्ये अर्ज होता, अजून बाहेरही न काढलेला, आणि उद्या शुक्रवार होता. शिवणीच्या शेवटी, घडीच्या आत, एक टाका सैल राहिला होता. कोणाच्या बापाला दिसला नसता. कोटाची घडी घालून ‘छान झालंय’ म्हणायचं आणि अर्ज पुढे करायचा, एवढंच करायचं होतं. तिनं घडी घालायलाही घेतली. मग थांबली.

“इथं एक टाका सुटलाय,” ती म्हणाली.

“कुठं?”

“इथं. आतल्या बाजूला.”

बाहीवालीनं कोट ओढून घेतला, डोळे बारीक करून बघितलं आणि एक सुस्कारा सोडला.

“जित्याची खोड,” एवढंच म्हणून तिनं टाके उसवले आणि पुन्हा शिवले. या वेळी तिनं स्वतःच शिवण ताणून बघितली. “आणि तो कागद काढा आता. मघापासून पर्स अशी धरून बसलाय, जसा काही मी चोर आहे.”

अर्ज बाहीवालीनं मशीनच्या फळीवर पसरला आणि पेन घेऊन थबकली.

“ताई, नाव काय हो तुमचं?”

नाव पहिल्या पानावर होतं. तिनं पान उलटलं नाही, विचारलं. सतरानं सांगितलं. बाहीवालीनं ते एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं, मग लिहिलं, मग आणखी बरंच काही लिहिलं आणि शेवटी सही केली. सहीखालचं नाव सतरानं समोर बसून उलट्या बाजूनं वाचलं, नऊ वर्षांत पहिल्यांदा.

शुक्रवारी खिडकीपाशी रांग मोठी होती. तिचा नंबर लागला तेव्हा जेवणाची सुट्टी व्हायला दहा मिनिटं होती. खिडकीवालीनं भराभर पानं चाळली आणि शेवटच्या पानावर अडली.

“‘अर्जदाराला कसे ओळखता’ याच्यापुढे हे काय लिहून आणलंय?” तिनं चष्मा नीट केला. “‘सतरा नंबर म्हणजे हीच. नऊ वर्षं माझं काम परत पाठवायची. एक दिवस सोडून.’”

“खरं आहे ते.”

“अहो, इथं नुसतं ‘सहकारी’ लिहायचं असतं.” तिनं पेन उचललं, आणि खाली ठेवलं. “कुठला एक दिवस?”

“चिठ्ठीवर तारीख आहे,” ती म्हणाली.

मागे रांगेत कुणीतरी खाकरलं. खिडकीवालीनं चिठ्ठीवरची तारीख वाचली, मग काचेपलीकडून तिच्याकडे आणि तिच्या हातावरच्या हिरव्या कोटाकडे बघितलं. तिनं चिठ्ठी अर्जाला टाचली, आणि लिहिलेलं काहीही न खोडता वर शिक्का मारला.